कुठला डबा चांगला? वस्तूचं जीवनचक्र पहिल्यांदाच मोजणाऱ्यांसाठी

विलेपार्ल्यात एक पोळी-भाजी केंद्र आहे. रोज दीडशे-दोनशे जेवणं तिथून अंधेरीच्या ऑफिसांत जातात, काळ्या प्लास्टिकच्या डब्यांतून. केंद्र चालवणाऱ्या मावशींनी मला एकदा सरळ विचारलं, "अगं, स्टीलचे डबे घेऊ, की ते उसाच्या चिपाडाचे पांढरे? पर्यावरणाला कुठलं बरं, एवढंच सांग."

एवढंच सांगायला मला दीड महिना लागला. मावशींचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण एखादी वस्तू पर्यावरणाला किती जड पडते, हे तिच्या जन्मापासून कचऱ्यापर्यंत मोजायचं म्हटलं की प्रत्येक वळणावर एक निर्णय घ्यावा लागतो, आणि त्या निर्णयावर उत्तर फिरतं. या कामाला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात, ऑफिसात सगळे 'एलसीए' म्हणतात. कंपनीच्या सस्टेनेबिलिटी विभागात नुकतेच लागलेले, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विषय घेतलेले, किंवा पॅकेजिंगच्या धंद्यात असून ग्राहक आकडे मागतोय म्हणून अडलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मावशींचा डबा शेवटपर्यंत सोबत ठेवू.

नियमांची चौकट आयएसओ १४०४० आणि १४०४४ या दोन मानकांत आहे, दोन्ही २००६ सालची. टप्पे चार: हेतू आणि व्याप्ती ठरवणं, आकडे गोळा करणं, त्यांचे परिणाम काढणं आणि अर्थ लावणं. कागदावर हे ओळीने येतात. प्रत्यक्षात तुम्ही तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर सारखे परत येता. त्यात वाईट वाटून घेऊ नका, काम असंच चालतं.

पहिली पायरी: कशाची तुलना करताय ते एका वाक्यात लिहा

"एक स्टीलचा डबा विरुद्ध एक प्लास्टिकचा डबा" अशी तुलना करायची नाही. दोघांचं काम सारखं नाही. एक वर्षानुवर्षं चालतो, दुसरा एका जेवणात संपतो. तुलना करायची ती कामाची: "पार्ल्याहून अंधेरीला एका माणसाचं दुपारचं जेवण न सांडता पोचवणं." याला फंक्शनल युनिट म्हणतात. मराठीत 'कार्य-एकक' म्हणा, पण वाक्य मात्र लिहून भिंतीला चिकटवा.

न सांडता हा शब्द मी मुद्दाम घातला. चिपाडाच्या डब्याचं झाकण सैल बसत होतं, आमटी सांडू नये म्हणून मावशींना ती वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी लागायची. मग ती पिशवीही हिशेबात आली. काम नीट मांडलं नसतं तर ती सुटली असती आणि चिपाडाचा डबा आहे त्यापेक्षा हलका दिसला असता.

दुसरी पायरी: कुठून कुठपर्यंत मोजायचं

कच्च्या मालापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत मोजायचं, की थेट कचऱ्यापर्यंत? वस्तू विकणाऱ्याला फाटकापर्यंतच थांबायला आवडतं, कारण पुढचं त्याच्या हातात नसतं. पण वेगवेगळ्या आयुष्यांच्या वस्तूंची तुलना फाटकापाशी थांबवली तर ती खोटी ठरते. स्टीलचा डबा फाटकापाशी नेहमी हरतो, त्याचा फायदा नंतर सुरू होतो.

इथे एक घरगुती सवय लावून घ्या. सविस्तर मोजायच्या आधी पाठकोऱ्या कागदावर अंदाज काढा आणि वजन कुठे आहे ते बघा. छताच्या पंख्याचं उदाहरण घ्या. जुना ७५ वॉटचा आणि नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉटचा, दोन्ही रोज बारा तास चालले तर वर्षाला सुमारे २०० युनिटांचा फरक पडतो. पंखा कुठल्या ट्रकने आला हे शोधत महिना घालवण्यात अर्थ नाही. त्याचं सगळं वजन वापरात आहे.

डब्याच्या बाबतीत सगळ्यांना वाहतुकीची शंका असते. "चिपाडाचे डबे कोल्हापूरकडून येतात, एवढं लांब!" करून बघा. २५ ग्रॅमचा डबा, ४०० किलोमीटर, मोठ्या ट्रकला एक टन एक किलोमीटर न्यायला साधारण १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका डब्यामागे जेमतेम एक ग्रॅम येतो. संपला विषय. उलट रिकामे स्टीलचे डबे आणायला मुलगा स्कूटरवर वेगळी फेरी मारणार असेल, तर ती जास्त जड. आजचं जेवण देतानाच कालचा रिकामा डबा उचलला तर जादा फेरी पडतच नाही. डबा परत आणायची रीत मुंबईला नवी नाही. डबेवाले १८९० च्या सुमारापासून तो आणत आले आहेत, त्यांचा तर त्याच दिवशी, त्याच घरी परत जातो.

तिसरी पायरी: आकडे स्वतः जाऊन आणा

सगळ्यात जास्त दमवणारी आणि सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. पुरवठादाराच्या कागदावर काळा डबा झाकणासकट २४ ग्रॅमचा होता. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा एकदम ठेवून भागले तर २८ आले. चार ग्रॅम कमी वाटतात, पण तो सहावा हिस्सा आहे, आणि पुढचं सगळं गणित या वजनाने गुणलं जातं. डबा, झाकण, क्लिप, लेबल सगळं सुटं करून तोला.

मग विजेचं बिल. साकीनाक्याच्या एका गाळ्यात हे डबे बनत होते. मालक सज्जन, बारा महिन्यांची बिलं काढून दिली. मी वर्षाची युनिटं वर्षाच्या उत्पादनाने भागली, तर एका किलो मालामागे वीज पुस्तकी आकड्याच्या जवळजवळ दुप्पट येत होती. दोन दिवस माझीच चूक शोधत बसले. शेवटी पुन्हा गाळ्यावर गेले आणि मीटरपासून निघालेल्या वायरीवरून नजर फिरवली. पोटमाळ्यावरून एक वायर शेजारच्या गाळ्यात गेली होती, तिथली दोन मशिनं याच मीटरवर चालत होती. आठवडाभर सब-मीटर लावला तेव्हा खरा आकडा मिळाला. मुंबईतल्या छोट्या गाळ्यांत हे सर्रास असतं. फोनवरून घेतलेलं बिल म्हणजे माहिती नव्हे. जा, मशीन चालू असताना उभे राहा, रिजेक्ट झालेला माल कुठे जातो ते विचारा. परत दळून वापरत असतील तर तसं लिहा, भंगारात देत असतील तर तसं.

जे स्वतः मोजता येत नाही, म्हणजे काळ्या डब्याच्या प्लास्टिकचा, पॉलिप्रॉपिलीनचा, दाणा कसा बनतो किंवा स्टीलची पत्रा-कॉइल कशी तयार होते, ते तयार डेटाबेसमधून घ्यावं लागतं. स्वित्झर्लंडचा इकोइन्व्हेंट सगळ्यात जास्त वापरतात, तो विकत घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर म्हणून ओपनएलसीए फुकट मिळतं आणि शिकायला पुरेसं आहे. डेटाबेसमधली नोंद उचलताना नावापुढे प्रदेशाचा कोड असतो तो वाचा: भारत, संपूर्ण जग, की 'उरलेलं जग'. नवखी माणसं सर्चमध्ये पहिली आलेली युरोपची नोंद उचलतात आणि तिच्याबरोबर युरोपची वीजही नकळत घेऊन येतात. आपली वीज अजून बहुतांशी कोळशावर चालते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी देशाच्या ग्रिडचा आकडा जाहीर करतं, तो अलीकडच्या वर्षांत एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. ज्या वर्षाची वीज, त्या वर्षाचाच आकडा घ्या.

कधी कोणी म्हणेल, मुंबईला तर खोपोली, भिवपुरी, भिऱ्याची जलविद्युत मिळते, तीच धरू. खोपोलीचं केंद्र १९१५ पासूनचं आहे, हे खरं. पण ट्रॉम्बे आणि डहाणूचे कोळशाचे संचही याच शहराला वीज देतात. सोयीचा स्रोत निवडायचा नाही.

चौथी पायरी: एकातून अनेक वस्तू निघतात तेव्हा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. तुम्हीही घालवा.

चिपाडाचा डबा उसापासून येतो. उसाला पाणी लागतं, खत लागतं, तोडणी लागते. या सगळ्या ओझ्यातलं किती चिपाडाच्या माथी मारायचं? एक टन उसातून साधारण १०० किलो साखर, ३०० किलो ओलं चिपाड आणि ४० किलो मळी निघते. वजनाने वाटणी केली तर चिपाडावर ६८ टक्के ओझं येतं. म्हणजे शेतकऱ्याने जणू चिपाडासाठीच ऊस लावला! चिपाडात निम्मं पाणी असतं, ते वजा करून कोरडं वजन धरलं तर ५२ टक्के. आता पैशाने वाटू. समजा साखर ३६ रुपये किलो, चिपाड २ रुपये, मळी १० रुपये. मग चिपाडाचा वाटा येतो १३ टक्के. आणि काहीजण म्हणतात, हा तर टाकाऊ माल, याच्यावर शून्य.

६८, ५२, १३, शून्य. ऊस तोच, कारखाना तोच. तुम्ही वाचलेल्या कुठल्याही जाहिरातीतला आकडा यातल्या एका निवडीवर उभा असतो.

आयएसओ १४०४४ चा क्रम असा आहे: आधी वाटणीची वेळच येऊ नये असं बघा, ते जमलं नाही तर भौतिक नात्याने वाटा, तेही जमलं नाही तर पैशासारख्या दुसऱ्या कसोटीने. माझं मत विचाराल तर शून्य मला पटत नाही. साखर कारखान्यात चिपाड टाकाऊ नसतं, ते बॉयलरमध्ये जळतं, त्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. ज्याला गिऱ्हाईक आहे ते टाकाऊ कसं? मी पैशाची वाटणी घेतली, आणि कोरड्या वजनाचा आकडा शेजारच्या रकान्यात छापला.

इथे अजून एक प्रश्न दडलेला आहे. डब्यांसाठी चिपाड काढून घेतलं तर कारखाना त्याच्या जागी काय जाळेल? तो कोळसा आणणार असेल तर तो कोळसा डब्याच्या खात्यात धरायचा का? 'आहे त्याचा हिशेब' आणि 'बदलाचा हिशेब' हे दोन वेगळे अभ्यास आहेत. दोन्ही बरोबर असतात, पण एकाच तक्त्यात त्यांची सरमिसळ करू नका. मावशींच्या दोनशे डब्यांनी कुठल्याही कारखान्याचं इंधन बदलणार नव्हतं, म्हणून मी पहिला घेतला. राज्यभराचं धोरण ठरवायचं असतं तर दुसरा घेतला असता.

पाचवी पायरी: वापर माणसांचा असतो

स्टीलच्या डब्याची बाजू आता घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेले आकडे असे: डबा बनवायला ३ किलो कार्बन डायऑक्साइड, एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या डब्याला ९० ग्रॅम. थंड पाण्याने घासला तर स्टीलचा डबा ३४ व्या वापराला पुढे जातो.

पण केंद्रात डबे गीझरच्या पाण्याने धुतले तर? एक लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ०.०३५ युनिट लागतं, म्हणजे साधारण २५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. डब्यामागे दोन लिटर गरम पाणी वापरलं की तोच टप्पा ७४ व्या वापरावर सरकतो. चार लिटर वापरलं तर एका धुण्याला ९८ ग्रॅम, म्हणजे प्लास्टिकच्या नव्या डब्यापेक्षा जास्त. मग स्टीलचा डबा शंभर वर्षं वापरला तरी कार्बनच्या हिशेबात कधीच पुढे जात नाही. हे गणित मी मावशींच्या ओट्यापाशी बसून केलं. त्या म्हणाल्या, "तूप-तेलाला गरम लागतंच गं." मग ठरलं, आधी राखेने किंवा कागदाने पुसून घ्यायचं, मग साध्या पाण्याने घासायचं, आणि शेवटी एका मगभर कढत पाण्यात बुचकळायचं.

दुसरी गोष्ट परत येण्याची. दर फेरीला शंभरातले पाच डबे हरवले तर एक डबा सरासरी वीसच वापर देतो, ३४ पर्यंत पोचतच नाही. शंभरात एक हरवला तर सरासरी शंभर वापर. डबा किती टिकाऊ आहे यापेक्षा तो परत येतो का, हे महत्त्वाचं. स्वतःच्या घरचा, स्वतःच्या नावाचा डबा दहा वर्षं चालतो. ऑफिसच्या पँट्रीत बेवारस पडलेला चालत नाही.

सहावी पायरी: शेवट कुठे होतो ते बघून या

अहवालात 'पुनर्वापर ६० टक्के' असं लिहिणं सोपं असतं. मी धारावीच्या तेरा कंपाउंडला गेले. अंधाऱ्या गाळ्यात एक बाई प्लास्टिकच्या ढिगाशी बसली होती. एक तुकडा उचलायची, वाकवायची, मोडताना येणारा आवाज ऐकायची, शंका आली तर कडेला काडी लावून धुराचा वास घ्यायची, आणि न बघता मागच्या गोणीत भिरकवायची. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एबीएस, पॉलिस्टायरीन, प्लास्टिकची प्रत्येक जात वेगळी. युरोपच्या अभ्यासांत काळा डबा पुनर्वापरात फेल ठरतो, कारण त्यातला काजळीचा रंग तिथल्या छाटणी यंत्रांच्या अवरक्त किरणांना डबा दिसू देत नाही. त्या बाईच्या बोटांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. युरोपचा आकडा इथे लावला असता तर तिचं काम माझ्या तक्त्यातून पुसलं गेलं असतं. मात्र तिच्यापर्यंत पोचणारा माल स्वच्छ होता. आमटी लागलेले डबे भंगारवाले घ्यायला कुरकुरतात, आणि आपल्या बिल्डिंगच्या ओल्या कचऱ्यात गेलेला डबा तिथवर येतच नाही. म्हणून मावशींच्या गिऱ्हाईकांपैकी किती जण डबा धुऊन सुक्या कचऱ्यात टाकतात, ते मी विचारून घेतलं.

पुनर्वापराचं श्रेय कोणाला, याचेही दोन रिवाज आहेत. एकात जुन्या मालाचं ओझं पहिल्या वस्तूपाशीच थांबतं आणि नव्याला तो माल जवळजवळ मोफत मिळतो. दुसऱ्यात शेवटी भंगार दिल्याबद्दल वस्तूच्या खात्यात जमा दाखवतात. कुठलाही एक घ्या. 'आम्ही भंगारापासून बनवलं' आणि 'आम्ही भंगारात देणार' ही दोन्ही श्रेयं एकाच डब्याला पूर्ण दिली तर तो दुहेरी हिशेब होतो. स्टीलमध्ये ही चूक फार वेळा दिसते.

चिपाडाच्या डब्याला सगळे 'मातीत मिसळतो' म्हणतात. खतखड्ड्यात गेला तर मिसळतो. मुंबईत तो बहुधा कांजूरमार्गच्या नाहीतर १९२७ साली सुरू झालेल्या देवनारच्या कचराभूमीवर जातो. ढिगाखाली हवा नसते, तिथे तो कुजताना मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट धरतात, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट. वायू गोळा करायची सोय आहे की नाही, यावर पुन्हा फरक पडतो.

सातवी पायरी: फक्त कार्बन मोजून थांबू नका

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त हवामानबदल धरला तर साधी सुती पिशवी ५२ वेळा वापरली की दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीची बरोबरी होते. सगळे परिणाम धरून प्रत्येकात बरोबरी हवी म्हटली तर ७१०० वेळा. दोन्ही आकडे एकाच अहवालात आहेत, आणि लोक आपल्या सोयीचा उचलतात.

त्या अभ्यासात पिशवी उघड्यावर पडून होणारं नुकसान नव्हतं. आपल्याला ते सोडून चालणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गटारं-नाले तुंबवण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता हे शहराने डोळ्यांनी पाहिलं. २०१८ ची राज्यातली प्लास्टिकबंदी कळायची तर तो पूर आठवावा लागतो. एलसीएच्या नेहमीच्या तक्त्यात नाला तुंबण्याला रकाना नाही. म्हणून मी अशा गोष्टींचा वेगळा परिच्छेद लिहिते, आकड्याशिवाय, पण अहवालाच्या पहिल्याच पानावर.

पाण्याचंही तसंच. भरपावसात कोकणात वापरलेलं एक लिटर आणि उन्हाळ्यात सोलापूरच्या उसाला दिलेलं एक लिटर यांचं मोल सारखं नाही. पाण्याच्या टंचाईचे प्रदेशवार गुणक मिळतात, ते वापरा.

आठवी पायरी: आकडे हलवून बघा, मग बोला

निकाल आला की लगेच कळवू नका. धुण्याचं पाणी दुप्पट करा, हरवण्याचं प्रमाण बदला, चिपाडाची वाटणी बदला. कशाने पहिला-दुसरा क्रम उलटतो ते बघा. ज्याने उलटतो तो आकडा पुन्हा नीट मोजा, बाकीचे ठीक आहेत. दोन पर्यायांत दहा टक्क्यांचा फरक असेल तर 'सारखेच' असं लिहायचं धाडस ठेवा.

आणि जाहिरात करायची असेल तर जपून. दुसऱ्याच्या मालापेक्षा आपला बरा असं जाहीरपणे म्हणायचं तर आयएसओ १४०४४ प्रमाणे स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीकडून तपासणी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत.

मावशींना मी सांगितलं ते असं: रोजच्या ठरलेल्या गिऱ्हाइकांना स्टील, पण प्रत्येक डब्यावर नंबर, शंभर रुपये अनामत, आणि गरम पाणी एक मगच. त्यांनी वहीत दोन रकाने आखले, 'गेले' आणि 'आले'. पहिल्या महिन्यात शंभरामागे चार हरवत होते, अनामत सुरू झाल्यावर एकाच्या आसपास आले. गणपतीत मात्र एकदम तीनशे जेवणांची ऑर्डर येते, तीही नव्या लोकांची, तिथे डबा परत येण्याची खात्री नसते. ती ऑर्डर या हिशेबात बसवायची नाही. तिचं काम वेगळं, तिचं वाक्य वेगळं लिहायचं आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा मोजायचं. सध्या आम्ही त्याच हिशेबाला बसलो आहोत, केळीची पानं धरून.